५० डॉलरचे गाणे आणि माझे पाच महिने

गेल्या वर्षी एका मासिकाच्या संगीत विशेषांकासाठी विल्यम क्रिस्टोफर हँडी या अमेरिकन कृष्णवर्णीय गीतकाराचे आणि संगीत-प्रकाशकाचे चरित्र ३००० शब्दांत लिहून देण्याचे काम मी स्वीकारले, तेव्हा ते तीन आठवड्यांत उरकेल अशी माझी समजूत होती. हँडीने स्वतःच आत्मचरित्र लिहून ठेवलेले आहे, त्याची प्रमुख गाणी आज सहज ऐकायला मिळतात, जन्म १८७३चा आणि मृत्यू १९५८चा, तेव्हा ८४ वर्षांचे आयुष्य चार-पाच टप्प्यांत मांडले की झाले, असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात त्या लेखाला पाच महिने लागले. पहिला मसुदा पूर्णपणे बाद झाला, आणि ज्या घटनेला मी आधी एक वाक्य दिले होते तिच्याभोवती सारा लेख नव्याने बांधावा लागला.

पहिली अडचण शीर्षकाखालच्या परिचयाच्या ओळीतच आली. हँडी कोण होता, हे मराठीत एका शब्दात सांगता येईना. आपल्याकडे शब्द लिहितो तो गीतकार आणि चाल लावतो तो संगीतकार, ही विभागणी इतकी पक्की आहे की दोन्ही कामे करणाऱ्या माणसासाठी स्वतंत्र शब्द घडण्याची वेळच आली नाही. संगीत-प्रकाशकाची पंचाईत त्याहून मोठी होती. प्रकाशक म्हटले की पुस्तके डोळ्यांसमोर येतात, आणि गाण्याच्या संदर्भात ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी. हँडीच्या तरुणपणी मात्र गाणे विकले जाई ते छापील स्वरलिपीच्या रूपात. घराघरांतल्या पियानोवर वाजवण्यासाठी लोक ती चार-सहा पानांची प्रत विकत घेत, आणि ती छापणारा, दुकानांत पोहोचवणारा, वाद्यवृंदांनी व गायकांनी ती वाजवावी-गावी म्हणून खटपट करणारा तो संगीत-प्रकाशक. एवढे स्पष्टीकरण पहिल्याच परिच्छेदात घालावे लागणार हे लक्षात आले, तेव्हाच खरे तर मला सावध व्हायला हवे होते.

मी मात्र आत्मचरित्र हाती घेतले आणि त्यात रमलो. ते १९४१ साली ‘फादर ऑफ द ब्लूज’ या नावाने प्रसिद्ध झाले (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकगीतांतून आलेला गाण्याचा प्रकार), त्याचे संपादन आर्ना बाँटेम्प्स या कवी-कादंबरीकाराने केले होते, आणि ते अतिशय वाचनीय आहे. अलाबामा राज्यातील फ्लॉरेन्स या गावी आजोबांनी बांधलेल्या लाकडी ओंडक्यांच्या घरात हँडीचा जन्म झाला. आईवडील गुलामगिरीतून मुक्त झालेले, आजोबा आणि वडील दोघेही धर्मोपदेशक. मुलाने कष्टाने पैसे साठवून गिटार आणली, तर वडिलांनी वाद्य म्हणजे सैतानाचे हत्यार असे सुनावून ती परत करायला लावली आणि तिच्या बदल्यात शब्दकोश आणवला. हा प्रसंग वाचल्यावर कुठल्या लेखकाचा हात थांबेल? मी त्यावर पाऊण पान लिहिले. पुढे चोरून शिकलेले कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखे फुंकवाद्य, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात गायचे म्हणून चौघांनी केलेला प्रवास, प्रदर्शन पुढच्या वर्षावर गेल्याचे कळल्यावर झालेली फरपट, सेंट लुईस शहरात मिसिसिपी नदीच्या दगडी धक्क्यावर काढलेल्या रात्री, १८९६मध्ये आठवड्याला ६ डॉलर पगारावर महाराज् मिनस्ट्रेल्स या फिरत्या करमणूक-मंडळीत मिळालेली नोकरी, असे एकेक प्रसंग घेत मी गेलो. ३००० शब्दांपैकी १६०० शब्द झाले तेव्हा माझा नायक अजून तिशीतही पोहोचला नव्हता, आणि त्याचे एकही नावाजलेले गाणे जन्माला आले नव्हते.

उरलेल्या जागेत मी बाकीचे आयुष्य कोंबले आणि मसुदा पाठवून दिला. आठ दिवसांनी तो परत आला. संपादकबाईंनी समासात फारसे काही लिहिले नव्हते, फक्त शेवटच्या पानावर दोन वाक्ये होती: “हे सगळे हँडीने सांगितलेले आहे. तुम्ही काय सांगता?” मला राग आला, हे कबूल करतो. दोन दिवस मी मनातल्या मनात त्यांच्याशी वाद घातला आणि तिसऱ्या दिवशी तोच मसुदा पुन्हा वाचला. त्यांचे बरोबर होते. मी चरित्र लिहिले नव्हते, आत्मचरित्राचा गोषवारा काढला होता, आणि तोही जिथे कथन गोड आहे तिथलाच.

त्यानंतर मी पद्धत बदलली. जाड कागदाच्या पत्त्यांएवढ्या चिठ्ठ्या कापल्या आणि प्रत्येक घटनेसाठी एक चिठ्ठी केली. तीवर घटना, वर्ष, आणि ती कोणाच्या सांगण्यावरून मला माहीत आहे, अशा तीनच गोष्टी लिहायच्या होत्या. तिसऱ्या रकान्याने माझी झोप उडवली, कारण १९१२ पूर्वीच्या बहुतेक चिठ्ठ्यांवर तिथे एकच शब्द येत होता: ‘स्वतः’.

मिसिसिपीतल्या टटवायलर स्थानकाचा प्रसंग घ्या. रात्रीची उशिरा येणारी गाडी, फलाटावर डुलकी घेत बसलेला हँडी, आणि शेजारी येऊन बसलेला फाटक्या कपड्यांतला एक हडकुळा माणूस, जो गिटारच्या तारांवर सुरी दाबून सूर घसरवत वाजवतो आणि दोन लोहमार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या ठिकाणी जाण्याबद्दलची एकच ओळ तीनदा गातो. ब्लूजच्या इतिहासात हा प्रसंग आदिकथेच्या जागी आहे. तो साधारण १९०३चा मानला जातो, आणि त्याच हिशेबाने अमेरिकेच्या सिनेटने २००३ हे ब्लूजचे वर्ष म्हणून जाहीर केले. पण तो छापून आला १९४१ साली, सांगणारा तेव्हा ६७ वर्षांचा होता, आणि त्या फलाटावरच्या माणसाचे नाव कोणालाच माहीत नाही. प्रसंग खोटा आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. ते दोन लोहमार्ग खरे आहेत, मोरहेड गावी ते खरोखरच एकमेकांना छेदत होते, आणि त्या ओळीचा धागा हँडीच्या पुढच्या एका गाण्यात सापडतो. परंतु ३८ वर्षे आयुष्याचे सार म्हणून मनात घोळवलेली आठवण आणि घडलेली गोष्ट यांत फरक पडतोच, आणि तो वाचकाला जाणवेल अशा रीतीने वाक्य लिहिणे हे चरित्रकाराचे काम आहे. ‘हँडीने पाहिले’ हे सोडून ‘हँडी सांगतो’ असे लिहायला मी तेव्हापासून शिकलो.

त्याच काळातला दुसरा एक प्रसंग मला अधिक महत्त्वाचा वाटू लागला, आणि तो पहिल्या मसुद्यात मी गाळला होता. क्लीव्हलँड नावाच्या मिसिसिपीतल्याच गावी नाचाच्या कार्यक्रमात हँडीचा सुशिक्षित, स्वरलिपी वाचून वाजवणारा वाद्यवृंद बसला होता. कोणीतरी चिठ्ठी पाठवून तिथल्याच कृष्णवर्णीय वादकांना वाजवू देण्याची विनंती केली. खिळखिळी गिटार, मँडोलिन आणि जुनाट बास घेऊन तिघे जण आले, एकच तुकडा पुन्हा पुन्हा, संपायचे नावच नाही अशा थाटात वाजवू लागले, आणि त्यांच्या पायांशी चांदीच्या नाण्यांचा पाऊस पडला. हँडीच्या म्हणण्यानुसार ती रक्कम त्याच्या सबंध वाद्यवृंदाच्या बिदागीपेक्षा जास्त होती. आपल्यातला संगीतकार त्या रात्री जन्मला, असे तो सांगतो. त्याने हे किती मोकळेपणाने लिहिले आहे, याचे मला आजही कौतुक वाटते. लोकसंगीताच्या सौंदर्याने भारावून गेलो असे म्हणून त्याला सहज निभावून नेता आले असते, पण त्याने पैशाचे नाव आधी घेतले.

इथून माझे लक्ष पैशाकडे वळले. दुसरीही एक गोष्ट घडली, जी व्यक्तिगत आहे, पण सांगायला हवी. मी स्वतः अधूनमधून नाटकांसाठी गाणी लिहितो. काही वर्षांपूर्वी एका निर्मात्यासाठी लिहिलेल्या चार गाण्यांचा कागद मी न वाचता सही करून दिला होता, आणि पुढे त्यातले एक गाणे बरेच ठिकाणी वाजू लागले तेव्हा त्या कागदाप्रमाणे ते आता माझे उरले नसल्याचे मला कळले. त्या निर्मात्याने काही गैर केले असे नाही. कागदावर सगळे लिहिलेले होते. हँडीच्या १९१२ सालच्या चिठ्ठीशी मी आलो, तेव्हा हा कागद आठवला आणि मी ती चिठ्ठी पुढे सरकवू शकलो नाही.

ती चिठ्ठी ‘मेम्फिस ब्लूज’ची होती. मेम्फिस शहरात १९०९ साली एडवर्ड क्रम्प नावाचा उमेदवार महापौरपदाची निवडणूक लढवत होता, आणि त्याच्या प्रचारासाठी हँडीच्या वाद्यवृंदाने ‘मिस्टर क्रम्प’ या नावाची एक चाल वाजवायला सुरुवात केली. चाल शहरभर झाली, क्रम्प निवडून आला. १९१२ साली हँडीने तीच चाल ‘मेम्फिस ब्लूज’ या नावाने पियानोसाठी स्वखर्चाने छापली आणि तिचा कॉपीराइट आपल्या नावावर नोंदवला. खप होत नसल्याचे त्याला सांगण्यात आले, आणि त्याने त्या गाण्याचे सर्व हक्क ५० डॉलरला विकून टाकले. पुढच्या वर्षी नव्या मालकाने जॉर्ज नॉर्टन या गीतकाराकडून शब्द लिहवून घेऊन ते गाणे पुन्हा बाजारात आणले, आणि ते देशभर गाजले. १९१४ साली मोठ्या कंपन्यांनी त्याच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. त्यातून हँडीला काही मिळायचे नव्हते. नॉर्टनच्या शब्दांत खुद्द हँडीचे नाव गुंफलेले आहे, हँडीने ज्या चालीला ‘मेम्फिस ब्लूज’ म्हटले ती विसरता येत नाही अशा अर्थाची ओळ आहे, आणि ती ओळ कोणीही गायली तरी मोबदला दुसऱ्याच्या खिशात जाणार होता.

सुदैवाने या भागात मला हँडीच्या आठवणींवर अवलंबून राहावे लागले नाही. अमेरिकेतील ग्रंथालयांनी जुन्या छापील स्वरलिपी आणि कॉपीराइट नोंदींच्या वार्षिक सूची घरबसल्या पाहता येतील अशा उपलब्ध करून दिलेल्या आहेत. मी चार-पाच संध्याकाळी केवळ मुखपृष्ठे पाहण्यात घालवल्या. पहिल्या आवृत्तीवर हँडीने आपल्या रचनेचे वर्णन ‘सदर्न रॅग’ असे केले आहे, म्हणजे ब्लूज हा शब्द नावात असूनही विक्रीसाठी त्याला त्या वेळच्या चलनी संगीतप्रकाराचा, रॅगचा, आधार घ्यावासा वाटला होता. पुढच्या आवृत्तीच्या तळाशी प्रकाशक म्हणून वेगळेच नाव आहे. गाण्याचे नाव तेच, चाल तीच, आणि तळाची ती बारीक ओळ बदललेली. पहिल्या मसुद्यात १६०० शब्द खर्चून मला जे सांगता आले नव्हते, ते त्या दोन मुखपृष्ठांच्या तळाशी छापलेले होते.

एक वकील मित्र मदतीला आले. त्यांनी मला १९०९ सालचा अमेरिकेचा कॉपीराइट कायदा समजावून सांगितला, आणि ती दोन तासांची बैठक साऱ्या वाचनाहून मोलाची ठरली. त्या कायद्याने कॉपीराइटची मुदत २८ वर्षे ठरवली होती, आणि तिचे आणखी २८ वर्षांसाठी नूतनीकरण करता येत असे. ध्वनिमुद्रिकेच्या प्रत्येक प्रतीमागे गाण्याच्या कॉपीराइटधारकाला २ सेंट द्यावे लागत. सार्वजनिक वादनाचा मोबदला घेण्याचा हक्कही कायद्यात होता, पण तो वसूल करणार कोण, हा प्रश्न होता. त्यासाठी १९१४ साली न्यूयॉर्कमध्ये एस्कॅप ही गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांची संस्था निघाली, आणि १९१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उपाहारगृहात वाजवल्या जाणाऱ्या संगीताचाही मोबदला द्यावा लागेल असा निर्णय दिला. गाण्यातून पैसा येण्याच्या या तिन्ही वाटा मित्रांनी कागदावर काढून दाखवल्या, आणि मग म्हणाले, “आता या तिन्हींच्या टोकाला कोण बसला आहे बघा.” तिथे प्रकाशक बसला होता.

त्या बैठकीनंतर हँडी प्रकाशक का झाला, हा प्रश्नच उरला नाही. हॅरी पेस या बँक आणि विमा व्यवसायातल्या सुशिक्षित तरुणाबरोबर त्याने पेस अँड हँडी ही प्रकाशन संस्था काढली आणि पुढची गाणी स्वतःच्याच संस्थेतून प्रसिद्ध केली. १९१४ सालचे ‘सेंट लुईस ब्लूज’ त्यांतलेच. ते लिहिताना आपल्याला सेंट लुईसमधल्या उपाशी दिवसांत रस्त्यावर अडखळत चाललेली, नवऱ्याच्या दगडी काळजाबद्दल पुटपुटणारी एक स्त्री आठवली, असे तो सांगतो. तिचे ते वाक्य गाण्यात जवळजवळ तसेच आले आहे.

हे गाणे मी लेखाच्या निमित्ताने किती वेळा ऐकले याची गणती नाही. त्याची बांधणी समजावून सांगणे हा लेखनातला सर्वांत आनंदाचा भाग होता, आणि मी तिथे मुद्दाम रेंगाळलो. ब्लूजच्या ठरावीक साच्यात तीन ओळींचे कडवे असते. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे, आणि हे सारे १२ मात्राखंडांत बसवायचे. हँडीने हा साचा घेतला, पण मधेच १६ मात्राखंडांचा एक भाग हबानेरा या क्यूबन नृत्याच्या ठेक्यात घातला. मिनस्ट्रेल मंडळीबरोबर तो १९००च्या सुमारास क्यूबाला जाऊन आला होता, त्या प्रवासाची चिठ्ठी माझ्याकडे बाजूला पडलेली होती, ती इथे कामाला आली. स्वरांचे सांगायचे तर ब्लूज गाणारा शुद्ध गांधार आणि कोमल गांधार यांच्या मधल्या जागेत वावरतो, निषादाचेही तेच. पियानोला ती जागा नाही. हँडीने कोमल गांधार आणि कोमल निषाद लिहून ती कागदावर बांधली, आणि बांधताना तिच्यातले काही तरी निसटलेही. १४ जानेवारी १९२५ला बेसी स्मिथ या ब्लूज-गायिकेने लुई आर्मस्ट्राँगच्या कॉर्नेटच्या साथीने केलेले ध्वनिमुद्रण ऐकले की निसटलेले परत आल्यासारखे वाटते. साथीला हार्मोनियम आहे, हे कळल्यावर मला उगीचच आपुलकी वाटली.

‘ब्लूज’ या शब्दाचे काय करायचे, यावर संपादकबाईंशी माझा पत्रव्यवहार झाला. त्यांनी ‘विराणी’ सुचवले. शब्द सुंदर आहे, आणि एका मसुद्यात मी तो वापरूनही पाहिला, पण ब्लूजमध्ये विरहाइतकेच घरभाडे, पूर, तुरुंग, आगगाड्या आणि महापौर असतात, तेव्हा तो टिकेना. शेवटी ब्लूज तसाच ठेवला. याच ओघात त्यांनी विचारलेला दुसरा प्रश्न मात्र मी टाळू शकलो नाही. जात्यावरच्या ओवीला कर्ती नसते, ती ज्या बाईच्या तोंडी येते तिची होते. मग फलाटावरच्या अनामिक माणसाची ओळ हँडीने आपल्या नावावर नोंदवली, याला काय म्हणायचे? माझे मत लेखात मी लिहिले आहे. हँडीने साचा, सूर आणि काही ओळी उचलल्या, हे तो लपवत नाही. पण त्या उचललेल्या सामग्रीतून ‘सेंट लुईस ब्लूज’सारखी तीन वेगवेगळ्या भागांची रचना उभी करणे हे त्याचे स्वतःचे काम आहे. जे त्याने नोंदवले नसते ते दुसऱ्या कोणी तरी नोंदवलेच असते, आणि त्या काळी तो दुसरा बहुधा गोरा प्रकाशक असता. तरीही फलाटावरचा तो माणूस हिशेबाबाहेरच राहतो, आणि माझ्याकडे त्याला हिशेबात घेण्याची काही युक्ती नाही.

१९१८ साली पेस आणि हँडी न्यूयॉर्कला आले आणि ब्रॉडवेवरच्या गेयटी थिएटरच्या इमारतीत त्यांनी कचेरी थाटली. पुढल्या वर्षी ‘यलो डॉग ब्लूज’ची ध्वनिमुद्रिका जोरात खपली. हे गाणे १९१४ साली ‘यलो डॉग रॅग’ म्हणून निघाले होते आणि नाव बदलून पुन्हा बाजारात आले होते. टटवायलरला ऐकलेल्या ओळीतल्या त्या दोन लोहमार्गांपैकी एकाचे टोपणनाव ‘यलो डॉग’. म्हणजे रॅगच्या आडोशाने ब्लूज विकण्याचे दिवस सात-आठ वर्षांत उलटले होते. ही गोष्ट मला केवळ नोंदींची सूची चाळताना सापडली, आणि सापडली तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या.

चांगले दिवस फार टिकले नाहीत. १९२१ साली पेसने वेगळे होऊन ब्लॅक स्वान ही ध्वनिमुद्रिका कंपनी काढली, आणि फ्लेचर हेंडरसन व विल्यम ग्रँट स्टिल यांच्यासारखे गुणी संगीतकार त्याच्याबरोबर गेले. पहिल्या मसुद्यात मी पेस अँड हँडीचेच पुढे ब्लॅक स्वान झाले असे लिहून बसलो होतो, आणि पुष्कळ ठिकाणी ती चूक झालेली दिसते. वस्तुतः प्रकाशन संस्था हँडीकडे राहिली आणि कर्जही. त्याच सुमारास त्याची दृष्टी काही काळ गेली. भावाला सोबत घेऊन त्याने हँडी ब्रदर्स म्युझिक कंपनी या नावाने धंदा पुन्हा उभा केला आणि तो अखेरपर्यंत चालवला. १९२६चा ब्लूज-संग्रह आणि १९२८चा कार्नेगी हॉलमधला कार्यक्रम यांना मी लेखात एकेक वाक्य दिले. त्यांचे महत्त्व कमी नाही, पण माझा धागा तिथून जात नव्हता.

१९३८चा वाद मात्र सविस्तर घेतला. नभोवाणीवरच्या एका कार्यक्रमात हँडीला जॅझ आणि ब्लूजचा जनक म्हटल्याचे ऐकून जेली रोल मॉर्टन हा पियानोवादक-रचनाकार संतापला, आणि ‘डाउन बीट’ या मासिकात त्याचे हँडीला खोटारडा ठरवणारे पत्र छापून आले. हँडीने उत्तर दिले. आपण लिहिलेले सारे संगीत नोंदवण्याची आणि प्रसिद्ध करण्याची दूरदृष्टी आपल्याजवळ होती, म्हणून अमुक रचना अमुक साली मी केली आणि कोणी तरी ती पळवली, असे सांगत फिरण्याची पाळी आपल्यावर आली नाही, असा त्याचा आशय होता. उत्तर बोचरे आहे. पण १९१२ची चिठ्ठी हातात धरून ते वाचताना मला त्यात मॉर्टनइतकाच तरुण हँडीला मारलेला टोला ऐकू आला. जनकत्वाच्या भांडणात मी कोणाचीच बाजू घेतली नाही. १९१२ साली ‘मेम्फिस ब्लूज’खेरीज इतरही ब्लूज छापले गेले होते, आणि छापण्यापूर्वी ते कोण गात होते हे नोंदींच्या सूचीत कधीच सापडणार नाही.

आणि मग १९४०. या वर्षाची चिठ्ठी माझ्याकडे सुरुवातीला नव्हतीच. वकील मित्रांनी १९१२मध्ये २८ मिळवून ते वर्ष काढले आणि विचारले, “तेव्हा तो जिवंत होता ना?” त्या कायद्याप्रमाणे पहिली मुदत संपत आली की नूतनीकरणाचा हक्क, लेखक हयात असेल तर, लेखकाकडेच येत असे. हँडी ६६ वर्षांचा होता आणि हयात होता. १९४० साली ‘मेम्फिस ब्लूज’ त्याच्याकडे परत आले, आणि पुढच्याच वर्षी आत्मचरित्र आले. हे कळल्यावर मी सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर मांडल्या आणि जन्म-मृत्यूच्या क्रमाऐवजी १९१२ ते १९४० हा कणा धरून लेख पुन्हा रचला. बालपण दीडशे शब्दांत आले. गिटार आणि शब्दकोशाचा प्रसंग एका वाक्यावर आला, याचे मला दुःख झाले, पण तो निघाला नाही एवढे समाधान मिळाले.

शेवट कुठे करायचा, यावर मतभेद राहिले. १९४३ साली भुयारी रेल्वेच्या फलाटावरून पडून हँडीला कायमचे अंधत्व आले, १९५४ साली वयाच्या ८०व्या वर्षी त्याने दुसरे लग्न केले, आणि २८ मार्च १९५८ला तो वारला तेव्हा न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत रस्तोरस्ती माणसे उभी होती. संपादकबाईंना ती अंत्ययात्रा शेवटी हवी होती. मी ती शेवटून दुसऱ्या परिच्छेदात घेतली आणि शेवटचा परिच्छेद १९४०लाच दिला. त्यांनी एकदा फोन केला, थोडे थांबून “बरे, तुमच्या मनासारखे करा,” म्हणाल्या, आणि विषय तिथेच मिटला.

मुद्रितशोधनाच्या वेळी दोन गोष्टी झाल्या. अक्षरजुळणी करणाऱ्याने हँडीचा सर्वत्र ‘हंडी’ केला होता. मी ६२ ठिकाणी अर्धचंद्र परत बसवला. दुसरी चूक मात्र शेवटच्या रात्रीपर्यंत माझ्या नजरेतून सुटली होती, कारण ती आकड्यात होती आणि वाक्य व्याकरणाने अगदी बिनचूक होते. चौथ्या पानावर छापले होते की हँडीने ‘मेम्फिस ब्लूज’चे सर्व हक्क ५०० डॉलरला विकले. मी लाल पेन्सिल घेतली आणि एक शून्य काढून टाकले.